भरदुपारची अमावास्या

सिनेमा आमचा अवघा बारा मिनिटांचा. पण त्याचे किस्से सांगायला बसलो की चहा दोनदा होतो, आणि बायको आतून ओरडते, "फुलवालीचं सांगितलंत का?" अगं थांब की, येतोय तिथपर्यंत!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मिरजेहून मद्रासला गेलो होतो, सिनेमातलं साउंड शिकायला. शेवटच्या वर्षी तिघातिघांनी मिळून एक छोटा सिनेमा काढायचा असे. आमच्यात कॅमेरा कण्णनकडे आणि डायरेक्शन गोविंदाकडे. गोविंदा मैलापूरचा, तंजावरी मराठी. त्याच्या घरचं मराठी ऐकलं की कुणीतरी बखर वाचतंय असं वाटायचं, हेल मात्र तमिळ!

त्याचे अप्पा रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात गोविंदासाठी क्लार्कची जागा पक्की करून ठेवली होती. महिनाअखेरीला हजर व्हायचं. गोविंदाने हातापाया पडून मुदत मागितली, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "एक पिक्चर काढ. मी येऊन पाहीन. मग ठरवूं."

त्या दिवसापासून गोविंदाला जेवण जाईना. बिचारा! त्याच्या वाटचं मी आणि कण्णन खायचो.

*

गोष्ट भुताची होती. नवरा परगावी गेलेला, घरात दुसरी बायको एकटी, अमावास्येची रात्र, आणि परसातल्या विहिरीपाशी पहिली बायको उभी. पहिली म्हणजे वारलेली!

घर आणि विहीर गोविंदाचीच. रात्री शूटिंग करायचं तर एवढे लाइट आणणार कुठून? म्हणून कण्णनने ठरवलं, रात्र भरदुपारीच घ्यायची. सिनेमात तसं करता येतं. बुधवारी ठीक बाराला त्याने कॅमेरा लावला, तोच गोविंदाची अम्मा परसात आली.

"आतां नको. राहुकाळ आहे. दीड वाजेपर्यंत कांही सुरू करायचें नाही."

मी म्हटलं, "अहो अम्मा, भूतच तर बाहेर काढायचंय. त्याला कसला आलाय राहुकाळ?"

"दिगंबरा, भूत कुणाच्या घरचें?" अम्मा म्हणाली. "आमच्या घरचें. तें वेळ पाहूनच निघेल!"

दीड वाजेपर्यंत आम्ही तिघे ओसरीवर ताक पीत बसलो.

*

भुताचं काम करायला एकही मुलगी तयार होईना. दुसऱ्या बायकोचं काम गोविंदाच्या वहिनीने आनंदाने घेतलं, पण पहिलीचं? तिला कोण मिळणार? शूटिंग मुकं होतं, आवाज मागाहून भरायचा, म्हणजे माझे हात रिकामे. शिवाय मी सहा फूट आणि हाडकुळा. अम्माने स्वतः मला नऊवारी नेसवली.

दुपारी त्याच वेशात मी पानावर बसलो. केस मोकळे, तोंडाला पांढरा रंग, समोर दहीभात. तेवढ्यात रोजची फुलवाली आत आली. माझ्याकडे पाहून तिने अम्माला तमिळमध्ये विचारलं, "कोण ही? नवी सून का?"

अम्मा जन्मात कधी खोटं बोलली नाही. वाढता वाढता शांतपणे म्हणाली, "नाही गं. ही पहिली. वारली!"

टोपली तिथेच राहिली. पुढे आठवडाभर त्या घरची फुलं फाटकाबाहेर लटकवलेली मिळायची.

*

भूत आरपार दिसायला हवं असेल तर एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यावं लागे. आधी कॅमेरा हळूहळू वळवत रिकामं परस घ्यायचं, मग कॅमेऱ्याची मूठ उलटी फिरवून फिल्म मागे न्यायची आणि पुन्हा तसंच वळवत माझ्यासकट घ्यायचं. किती वेळा फिरवली ते चोख मोजायला हवं.

कण्णन पुटपुटत मोजत होता. अम्माने खिडकीतून विचारलं, "कण्णा, तुझ्या पानावर रसम वाढूं काय?"

"वाढा अम्मा!" म्हणाला, आणि आकडा गेला!

फिल्म धुऊन आली तर काय, मी विहिरीच्या कठड्यातून सरळ चालत बाहेर येतोय! आमचे सर कडक होते, कधी कुणाची पाठ थोपटायचे नाहीत. तेसुद्धा खूश झाले. "हे कसं सुचलं तुला?"

कण्णन प्रामाणिक पोरगा. म्हणाला, "सर, रसममुळे."

*

मग तो दिवस आला. दुपारी इन्स्टिट्यूटच्या छोट्या हॉलमध्ये सर, आम्ही तिघे आणि गोविंदाच्या घरची सगळी मंडळी. अप्पा पहिल्या रांगेत ताठ बसलेले. गोविंदा सिनेमा पाहतच नव्हता. तो अप्पांचं तोंड पाहत होता, आणि त्या तोंडावरची एक रेघ हलत नव्हती.

आता दुपारची रात्र करायला कण्णनने काय केलं होतं, तर लेन्सपुढे लाल काच धरली होती. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तिने निळं आकाश काळं होतं. छान झालं होतं! पण त्याच काचेने लाल वस्तू पांढुरकी होऊन जाते, हे कुणाच्या ध्यानात? आम्ही तिघे ब्रह्मचारी. एडिटिंगला दहादा पाहिलं, पण बायकांच्या कपाळावर काय असतं ते पाहतोय कोण!

पडद्यावर घरातली वहिनी, कपाळी ठसठशीत कुंकू. दार उघडून ती परसात आली, आणि कपाळ रिकामं!

"अय्यो!" अम्मा किंचाळली. थोरला मुलगा माधव, म्हणजे वहिनीचा खरा नवरा, अम्माच्या शेजारीच धडधाकट बसलेला! अम्मा त्याचा दंड चाचपून उठली. वाटेत देवळात जाऊन आलेली, प्रसादाच्या कुंकवाची पुडी पदराला बांधलेली. तरातरा पडद्यापाशी गेली. तेवढ्यात शॉट बदलला आणि तिच्यासमोर मी, केस सोडून, हात पसरून! मागे कुणीतरी ओरडलं. अम्मा नाही.

"दिगंबरा, सरक तिकडें!" तिने भुताला दरडावलं आणि बोटावर कुंकू घेऊन उभी राहिली. पुढच्या शॉटात वहिनी परत आली, विहिरीत वाकली, कपाळ हाताशी आलं. अम्माने पडद्यावर कुंकू टेकवलं आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

लाइट लागले. गोविंदाने डोळे मिटून घेतले होते. संपलं सगळं, असं मलाही वाटलं.

अप्पा उठले ते थेट कण्णनपुढे. "कुंकू कुठें गेलें?"

कण्णनने लाल काचेचं सगळं सांगितलं. अप्पांनी ती काच मागून घेतली, डोळ्याला लावून अम्माच्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं, आणि गोविंदाकडे वळले.

"पुढच्या पिक्चराला सुनेला काळें कुंकू लाव."