हलका केलेला ट्रिगर

इन्स्पेक्टरसाहेबांनी सील केलेली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मिस्त्री, हे ओळखता?"

ओळखत होतो. माझ्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी, तिघांनीही ते रिव्हॉल्व्हर उघडून साफ केलं होतं. ग्रिप, म्हणजे मूठ, माझ्याच हातची होती, शिसवी लाकडाची. तिच्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता.

"पुसेगावच्या निवृत्तीकाकांचं आहे, साहेब."

"याला शेवटचं काम काय केलं तुम्ही?"

मी काय उत्तर दिलं ते सांगण्याआधी ते काम कसं आलं ते सांगतो.

हिंगोलीत माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. सरकारी लायसन असलेलं. कामं बहुतेक साधी असायची. बँकेच्या वॉचमनची बारा बोअर, कुणाची गंजलेली नळी. निवृत्तीकाकांचं रिव्हॉल्व्हर वेगळं होतं. पॉइंट चार पंचावन्न बोअर, म्हणजे गोळी जवळजवळ करंगळीएवढी जाड. वजन किलोच्या वर. एवढ्या मोठ्या बोअरचं लायसन आता साध्या माणसाला मिळत नाही. काकांच्या वडिलांकडे ते निजामाच्या काळापासून होतं, म्हणून वारसाहक्कानं काकांकडे आलं. त्याच्या गोळ्याही आता सहज मिळत नाहीत. काकांकडे चौदा उरल्या होत्या आणि त्या ते तुपाच्या डब्यात जपून ठेवायचे.

काकांचं वय सत्तरच्या पुढं. चारेकशे मेंढ्या-शेळ्या. मागच्या हिवाळ्यात चोरटे पिकअप घेऊन आले, राखणदाराचं डोकं फोडलं आणि वीस-बावीस जनावरं भरून घेऊन गेले. काका खाटेवर बसून रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढत होते. तो ओढलाच गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. दोन्ही हात माझ्यासमोर धरले. संधिवातानं बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या.

"युसूफ, हे लोखंड माझ्याजवळ असून नसल्यासारखंच हाय. ट्रिगर हलका कर अन् मूठ माझ्या हाताला बसंल अशी कर."

मूठ सोपी होती. ट्रिगरचं मी आधी टाळलं. या रिव्हॉल्व्हरमध्ये एक मोठी स्प्रिंग असते. ट्रिगर ओढला की तिच्या जोरावर हॅमर, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, गोळीच्या बुडावर आदळतो. पण तिचं दुसरंही काम असतं. गोळी सुटल्यावर तीच स्प्रिंग हॅमरला थोडं मागं सरकवून बसवते, म्हणजे तो समोरच्या गोळीला टेकून राहत नाही. ती कमजोर केली की ट्रिगर हलका होतो, पण हॅमर मागं नीट सरकत नाही, गोळीला टेकून राहतो आणि त्याला मागून धक्का बसला तर गोळी सुटू शकते.

मी काकांना हे समजावलं. ते म्हणाले, "राखणदाराच्या डोक्याला टाके पडले तवा मी आठ हातांवर होतो. हे हातात होतं. मला इतकी शरम कधीच वाटली न्हाई."

माझ्या वडिलांच्या आजारपणात या माणसानं महिनाभर रोज शेळीचं दूध पाठवलं होतं. मी हो म्हणालो.

आठ दिवसांनी टेस्टसाठी मी त्यांच्या शेतात गेलो. मातीच्या उंच बांधाला रॉकेलचा जुना डबा टेकवून ठेवला. पहिली गोळी मी झाडली. आवाज कानात नाही, छातीत बसतो. मनगट वर उडालं आणि लांबच्या वाड्यातल्या मेंढ्या एका बाजूला लोटल्या गेल्या. दुसरी काकांनी झाडली. नव्या मुठीवर त्यांची बोटं नीट बसली होती. ट्रिगर सहज आला. डबा दोन कोलांट्या खाऊन पडला. काका लहान लेकरासारखे हसले.

कौसाकाकू, त्यांच्या पत्नी, भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन बांधावर आल्या होत्या. त्यांना हे पटलेलं नव्हतं.

"भाई, हे काहून हलकं करून राहिले तुमी? ह्या वयात ह्यांना काय लढाई करायची हाय?"

"असू दे," काका म्हणाले. "तुला न्हाई कळणार."

काकूंनी मला जबरदस्तीनं दुसरी भाकरी वाढली.

अशा रिव्हॉल्व्हरला सहा गोळ्या बसतात. स्प्रिंग कमजोर असेल तर हॅमरखालचं गोळीचं घर रिकामं ठेवून पाचच भरायच्या. हे मला काकांना सांगायचं होतं. सांगितलं का? मी खूप वेळा आठवून पाहिलं. गाडीला किक मारताना सांगू असं ठरवल्याचं आठवतं. सांगितल्याचं आठवत नाही.

दुकानात परत येऊन कामाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: ग्रिप बदलली, साफसफाई, टेस्ट. स्प्रिंगचं लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी निवडणुकीची आचारसंहिता लागली. तेव्हा लायसनवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करावी लागतात. काका सकाळी तयार होत होते. रिव्हॉल्व्हर भिंतीच्या खुंटीला पिशवीत टांगलेलं होतं, चोरट्यांच्या भीतीनं पूर्ण भरलेलं. निघताना गोळ्या काढू असं त्यांच्या मनात होतं. सदऱ्याची बटनं लावताना त्यांना वेळ लागायचा. ते काकूंना म्हणाले, "तेवढी पिशवी दे."

काकूंनी पिशवी काढली. तिचा बंद तुटला. रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं आणि हॅमरवर आपटलं.

गोळी काकूंच्या पोटात गेली. मुलगा त्यांना जीपमध्ये घालून निघाला, पण हिंगोलीचा रस्ता अर्धाही झाला नव्हता, तोच काकू गेल्या.

आता पुन्हा इन्स्पेक्टरसाहेबांच्या टेबलाशी येतो.

ते म्हणाले, "म्हातारा सांगून राहिला, मिस्त्रीनं फक्त मूठ बसवली, बाकी कशाला हात लावला नाही. तुमच्या रजिस्टरलाही तेच आहे. मग नुसतं पडून गोळी कशी सुटली?"

काकांनी मला वाचवलं होतं. बायकोच्या मातीवरून परत येऊन त्यांनी पोलिसांसमोर माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. 'जुनं हत्यार आहे साहेब, कशानंही होऊ शकतं,' एवढं म्हणालो असतो तर उठून घरी जाता आलं असतं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. आलं नाही असं म्हणणार नाही.

"स्प्रिंग मी कमजोर केली होती, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "रजिस्टरमध्ये का नाही लिहिलं?"

"करू नये ते काम होतं. लिहायची हिंमत झाली नाही."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?"

"बराबर कळतंय."

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी त्यावर हॅमर आणि स्प्रिंगचं चित्र काढून दाखवलं. साहेबांनी पाणी मागवलं.

हलगर्जीपणाचा गुन्हा काकांवर आणि माझ्यावर, दोघांवरही दाखल झाला. लॅबचा रिपोर्ट मी सांगितल्याप्रमाणेच आला. माझं लायसन गेलं. तीन पिढ्यांचं दुकान बंद झालं. केस अजून चालू आहे.

पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात काका भेटले. बाकावर थोडे सरकले आणि मला जागा दिली.

मग ते म्हणाले, "काहून सांगितलंस? ह्या गुन्ह्याला मी एकटा पुरलो असतो."

"काका, तुमी खोटं काहून बोलले?"

"एक घर तं बसलंच होतं. दुसरं कशाला बसवू?" त्यांनी विचारलं, "पोरीचं लग्न झालं?"

"पुढं ढकललं."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात पुकारा झाला आणि आम्ही दोघं आत गेलो.

आता मी शिलाई मशीन आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मित्र म्हणतात, तू खरं बोललास ते चांगलं केलंस. मला त्यात चांगलं काही दिसत नाही. खरं बोलायची वेळ दुकानात होती, काका हात पुढं करून उभे होते तेव्हा. त्या वेळी नाही म्हणालो असतो तर ते रुसले असते, वर्षभर आले नसते कदाचित. एवढंच झालं असतं. गिऱ्हाईक आपलं माणूस असेल तर नकार अवघड जातो. अशा वेळी तो लवकर द्यावा.