रा. रा. कोंडिबा यांस

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली होती आणि मी समोरच्या अण्णांच्या हॉटेलात वडिलांबरोबर चहा पीत बसलो होतो. नाशिकहून सुरत, सुरतेहून बडोदा. मला तिथल्या कारखान्यात वायरमनचं काम लागलं होतं. बहात्तरचा दुष्काळ ऐन भरात होता. आबा पांढरीपुलाकडच्या खडीच्या कामावरून एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आले होते. भुवयांवर दगडाची भुकटी तशीच होती. फडक्यात मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीच्या, चार लाल भाकरी बांधून आणल्या होत्या, पोराला वाटेत भूक लागेल म्हणून.

जुन्या नगरकरांना ते हॉटेल आठवत असेल. एक भट्टी, चार बाकं, दारात पाण्याचं पिंप आणि गल्ल्यावर अण्णा. मी घोडेगावचा. शिकायला नगरच्या एका बोर्डिंगात राहायचो. रोज सकाळी अण्णांच्या हॉटेलात पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, कारण गिऱ्हाइकांत अर्ध्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना कंटाळा होता. त्यामुळे मी विशीतच 'मास्तर' झालो. तीन वर्षांत कुणी माझं आडनाव विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. इतरांच्याच कपात चहा मिळत होता, इतरांच्याच बाकावर बसत होतो, आणि मला ते अख्ख्या नगरातलं सगळ्यात देखणं ठिकाण वाटायचं.

चहा संपला. आबा उठले. आपली कपबशी घेऊन पिंपाशी गेले, विसळली आणि दाराबाहेरच्या कट्ट्यावर पालथी घालून ठेवली. घोडेगावच्या हॉटेलात आमचे कप वेगळे असत, बाहेर वळचणीला. आम्हीच विसळायचे, आम्हीच पालथे घालायचे. छप्पन साली आबांनी धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, घरातले देव नदीत सोडून दिले. त्यांच्या हाताला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. नगरच्या हॉटेलात असं करायची गरज नाही हे मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गिऱ्हाइकं कट्ट्यावरच्या कपाकडे बघायला लागली. ज्याला कळायचं त्याला कळलं. अण्णांनी विचारलं, "मास्तर, पाहुणे कोन म्हनायचे?"

मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. स्टँडपर्यंत सोबतीला आलेत."

आबा दारातच उभे होते.

मला निरोप द्यायला दोन-तीन गिऱ्हाइकं गाडीपर्यंत आली, अण्णाही आले. आबा जरा मागे थांबले, मग खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, संभाळून जावा. मुलूख परका हाय. पोचल्यावर कागुद टाका, हितं आन्नांच्या पत्त्यावर. आमचा कामाचा ठिकाना आज हितं तर उद्या तिथं. बाजारच्या दिशी यीन मी, आन्ना वाचून दावतील." त्यांनी आयुष्यात मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी मारलेली थाप त्यांनी चार माणसांत अशी सावरून घेतली. गाडी हलली तेव्हा मी हात केला, पण ओळखीच्या माणसाला करतात तेवढाच.

बडोद्यात एका ओरडीत, म्हणजे खोलीत, आम्ही चार जण राहायचो. डाळीत गूळ, शाकात गूळ. पहिले सहा महिने मी गोडानेच वैतागलो. तिथे मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचा आणि गुजराती माणूस सरळ विचारायचा, "तमे केवा?" म्हणजे जात कोणती. नगर सोडून मी काय मिळवलं, असा प्रश्न तेव्हा पडायचा. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय.

मग पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. वडिलांच्या पत्राचा मायना लहान मुलालाही माहीत असतो: तीर्थरूप. पण हे पत्र अण्णा भर हॉटेलात मोठ्याने वाचणार होते. 'तीर्थरूप' लिहिलं तर तिथल्या तिथे माझं खोटं उघडं पडणार. मी तर तिथून कायमचा निघून आलो होतो, आता कुणी काय म्हणालं तरी काय बिघडत होतं? आज हे सुचतं. तेव्हा त्या बाकावरची माझी जागा मला सोडवेना. मी लिहिलं: 'रा. रा. कोंडिबा यांस स. न. वि. वि.' परक्याला लिहितात तसं. खाली लिहिलं, 'माझ्या वडिलांना सांगावे, की मी खुशाल आहे. जिवाला जपावे.' बापाचा निरोप बापाकडेच पाठवला. असली सात पत्रं टाकली. प्रत्येक पत्र पेटीत टाकताना वाटायचं, पुढच्या वेळी लिहू.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या पत्त्यावर तार आली. वडील गेले, लगेच या. पाठवणाऱ्याचं नाव अण्णांचं होतं. मी तार दोनदा वाचली. 'वडील' असं स्पष्ट लिहिलं होतं.

पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कामावर ताप भरला आणि चार दिवसांत आबा गेले. आई लहानपणीच गेली होती, त्यामुळे घोडेगावच्या घराला कुलूप लावायचं तेवढं उरलं होतं. ते लावून मी नगरला अण्णांच्या हॉटेलात गेलो. माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं होतं. अण्णांनी मला गल्ल्याशेजारी बसवलं आणि हळू आवाजात बोलले.

"त्यो तुझा बाप, हे मी त्याच दिशी वळखलं हुतं. तुझं पयलं पत्र आलं, तवा मी तीर्थरूप म्हनूनच वाचाय लागलो. तू रा. रा. लिहिलेलं दिसत हुतं मला, पन म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून जीभ रेटंना. तर तुझा बाप हसला. म्हनला, 'आन्ना, त्यो आसं लिवनार न्हाई. हाय तसंच वाचा. त्याचं तिथं बस्तान बसू द्या.' मग वाचलं बाबा, रा. रा. लई मन लावून ऐकायचा. 'वडिलांना सांगावे' आलं की मान हलवून म्हनायचा, 'सांगतो.'"

मला रडू आलं नाही. लाज वाटली, इतकी की अण्णांनी पुढे केलेला चहा मला घेता येईना. आबांचा त्या दिवशीचा कप अण्णांनी नंतर आत घेतला होता का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. आज वाटतं, उत्तर नको होतं म्हणूनच विचारलं नसेल.

आता नगरची पाटीही बदलली, अहिल्यानगर झालं. नगर सोडून गेलेली मंडळी फोनवर एकमेकांना विचारत असतात, काय राहिलं, काय गेलं. माझ्या परीने सांगतो. चार आण्यांत पुढच्या बाकावर बसवणारं थेटर गेलं, त्या जागी दुकानांचे गाळेच गाळे. टांग्यांचा अड्डा गेला. वाचनालयाच्या दारातला पेपरांचा तिरका फळा अजून आहे आणि तिथे अजून दोन म्हातारे भांडत असतात. कापडबाजाराच्या तोंडाशी भेळ अजून मिळते, पोरगा ती वडिलांपेक्षा तिखट करतो. अण्णांच्या हॉटेलच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. स्टँडवर उतरलो की मी त्या बाजूला न बघता रिक्षा पकडतो, तरी गाडीच्या खिडकीमागून कुणीतरी "मास्तर" म्हणतंच. वळून पाहिलं तर कुणी नसतं.

बडोद्यात माझा स्वतःचा बंगला आहे, नातवंडं गुजरातीत भांडतात, आणि "तमे केवा?" ला मी आता बापाचं नाव सांगून, ताठ मानेने उत्तर देतो. पण घर कुठलं असं कुणी विचारलं की मी जरा थांबतो. ज्याला 'तीर्थरूप' लिहावं असं माणूस जिथे वाट बघत बसलेलं असतं, ते घर. माझं असं घर होतं. त्याचा पत्ता मी सातही वेळा बिनचूक लिहिला, पण तो शब्द लिहायला मन तयार झालं तेव्हा लिहायला कुणी उरलं नव्हतं.