आमच्या बाकावरची शांती

आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाआधी शांती हातोहात फिरते. पाळक ती पहिल्या बाकाला देतात, मग प्रत्येकजण शेजाऱ्याचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून "समाधानम्" म्हणतो. मंडळी तमिळ, म्हणून शांतीचा शब्दही तमिळ. आमच्या बाकावर ती पप्पांकडून काकांकडे यायची आणि काकांकडून माझ्याकडे.

हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आजीला पुरलं त्या दिवशी काकांची कंपनीची बस श्रीपेरुंबुदूरहून यायला उशीर झाला. पप्पा थांबले नाहीत, त्यांनी शवपेटी बंद करायला लावली. काकांना आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून आवडी शहरात एकाच गल्लीत राहून दोघांत शब्द नव्हता. रविवारी मात्र हातात हात. पप्पा वर पंख्याकडे बघायचे, काका फरशीकडे. लगेच पुढच्या गीतात पप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर. त्या आवाजाचा मला संताप यायचा.

गेल्या उन्हाळ्यात काकांचा हात गार लागू लागला. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि हा हात माठावर ठेवल्यासारखा. मग बोटं बारीक झाली, अंगठी सैल फिरू लागली. दर रविवारी तो हात आधीपेक्षा हलका लागायचा. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, वय झालं."

मी घरी पप्पांना म्हटलं, "काकांना डॉक्टरकडे न्या. तुमचंच ऐकतील ते."

"त्याने येऊन बोलावं," पप्पा म्हणाले. "मी दर रविवारी हात देतोच ना?"

एका रविवारी काकांनी पप्पांचा हात सोडलाच नाही. ओठ हलत होते, काहीतरी सांगायचं होतं. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. पप्पांनी हात ओढून घेतला आणि गायला लागले. त्या दिवशी माझ्यापर्यंत शांती आलीच नाही.

त्याच आठवड्यात काका गेले.

पुढच्या रविवारी मधली जागा रिकामी होती. आमच्यापैकी कोणी सरकून बसलं नाही. पप्पांनी त्या जागेवरून वाकून माझा हात धरला, पण शब्द त्यांच्या तोंडून निघेना. सगळे गायला लागले तरी ते गप्पच.

"किती दिवस गार होता गं त्याचा हात?" त्यांनी विचारलं.

 तो हात माझ्याआधी त्यांच्याच हातात असायचा.