माहेरचं बोलावणं

माझ्या रजेचा तो चौथा आणि शेवटचा दिवस होता. आधीचे तीन दिवस मी पडदे धुतले, डबे घासले, पंख्यांवरची धूळ काढली आणि दर पाच मिनिटांनी फोन बघितला. चौथ्या दिवशी सकाळी मात्र माझं मलाच हसू आलं. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, नवरा पहिल्या पाळीला गेलेला, घरात मी एकटी आणि वर भरपगारी सुट्टी. आता रडत बसले तर माझ्यासारखी करंटी मीच, असं म्हणून मी दुसरा चहा टाकला, स्वयंपाकाला रजा दिली आणि ठरवलं की आज खोपोलीत मनसोक्त भटकायचं.

मी इथल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. दुसऱ्यांच्या हजेऱ्या आणि रजा मांडणं हेच माझं काम. माझी स्वतःची रजा मात्र गेली बावीस वर्षं ठरलेली असते. मे महिन्याचा दुसरा आठवडा, चार दिवस, माहेरी. माहेर कशेळ्याच्या पुढं, कर्जतहून जीपनं पाऊण तासावर. आई-वडील गेल्यावरही हे चार दिवस कधी चुकले नाहीत. एप्रिल संपता संपता दादाचा फोन यायचा, "कवा येतेस गं?" एवढंच. पण तो यायला हवा. बोलावल्याशिवाय माहेरच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही, हे आईनं मला लग्नाआधीच बजावलं होतं आणि बाकी तिचं काही ऐकलं नसलं तरी हे मी पाळलं. यंदा मी रजा सवयीनं टाकून बसले आणि फोन काही आला नाही.

आता तो का येत नाही याचा अंदाज मला नव्हता असं नाही. दोन वर्षांपूर्वी दादानं मला कर्जतच्या रजिस्टर ऑफिसात नेलं आणि हक्कसोड पत्रावर माझी सही घेतली. घेतली म्हणजे मीच हसत हसत दिली. आमच्याकडं बहिणी अशीच सही देतात. भाऊ साडी घेतो, बहीण हिस्सा सोडते आणि माहेरचं दार उघडं राहतं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली होती, "वाचून तरी बघ कशावर सही करतेस ते." मी तिला म्हटलं, सख्ख्या भावाचा कागद काय वाचायचा? दादाला फक्त एवढंच सांगितलं, की जमीन तुझी, मेमधले चार दिवस माझे. तो म्हणाला, "येडी हायस काय? घर काय कोन विकतंय?"

त्याच वर्षी दिवाळीनंतर भाताची शेतं गेली. तिथं आता मुंबईच्या कुणाचं तरी फार्महाऊस आहे, कुंपणाला निळं कापड लावलेलं. मला ते दादानं सांगितलं नाही, जीपमधल्या बाईनं सांगितलं. मला वाईट वाटलं, पण मी बोलले नाही. सोडलेल्या गोष्टीवर कशाला बोला? आणि घर होतं ना. चुलीची खोली, मागचं न्हाणीघर, पडवीतला झोपाळा. तेवढं मला पुरत होतं.

तर मी बाजारात गेले. रस्त्यावर एक माणूस ताडगोळे सोलत होता, त्याच्याकडून सहा घेतले आणि घरी न नेता तिथंच उभ्यानं खाल्ले. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग चपलांच्या दुकानात शिरून दहा जोड घालून बघितले आणि एकही न घेता बाहेर आले. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. इतक्या वर्षांत या गावात मी कधी उगाच फिरले नव्हते. घर, कारखाना, भाजी, घर. उन्हानं डोकं तापलं होतं, तरी मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

भाजी बाजाराच्या तोंडाशी करवंदांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. मी तिला लगेच ओळखलं. आमच्या गावाच्या वरच्या ठाकूरवाडीतली ती, लहानपणापासून आमच्या पडवीत पाणी प्यायला टेकायची. कर्जतला विकणाऱ्या फार झाल्या की ती गाडीत बसून खोपोलीपर्यंत येते. तिनं मला बघितलं आणि पहिला प्रश्न तोच केला.

"बाय, तू हितं? माहेरी नाय गेलीस?"

"नाही जमलं यंदा," मी म्हटलं.

"जाशील तरी कुठं निजायला? तुज्या भावानं कौलं उतरवलीत. परवा बगितलं मी, सगळी खाली रचलीत."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी तिच्या शेजारीच फतकल मारली. आमच्याकडं पावसाआधी घराची कौलं उतरवतात, झाडतात, फुटकी बदलतात आणि पुन्हा लावतात. घरभर धुरळा असतो, आभाळ उघडं असतं. अशा वेळी पाहुणीला कोण बोलावेल? बरोबर आहे दादाचं. एरवी हे काम तो एप्रिलमध्ये उरकतो, यंदा उशीर झाला असेल, आणि मी मूर्खासारखी तीन दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मला त्याची माफी मागावीशी वाटली. म्हातारीनं पानाच्या द्रोणात करवंदं भरून दिली, वर एक मूठ जास्त घातली.

मग मी नदीवर गेले. बाकीच्या नद्या मेमध्ये दगडांच्या होतात, पण खोपोलीत वरच्या वीजघराचं पाणी सुटतं, म्हणून पाताळगंगा वाहती असते. साडी जरा वर घेऊन मी पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. मी एकेक करवंद खात होते आणि चीक ओठांना लागत होता. कौलं लागली की जूनच्या आधी एखादा रविवार धरून जाऊन येऊ, वहिनीला काहीतरी नेऊ, असं मनात चाललं होतं. त्या तासाभरात मी जितकी सुखी होते तितकी गेल्या दोन वर्षांत झाले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा.

"कवा येतेस गं?" तो म्हणाला.

मी करवंदांचा द्रोण खाली ठेवला. "तू म्हणशील तेव्हा. कौलांचं झालं का?"

"कौलं? ती दिली एका बंगलेवाल्याला, जुनी लागतात त्यांना. तुला कोन बोललं?" मग लगेच मुद्द्यावर आला. "आयक, तेवा हक्कसोडीत जमिनीचा एक गट नंबर ऱ्हायला होता. त्यावर तुजं नाव हाय अजून. उद्या अकराला रजिस्टर ऑफिसात ये. आधार कार्ड आण."

"कुठला नंबर?"

"घराखालचा."

पाण्यात माझे पाय होते ते मला कळेनासे झाले. तो पुढं सांगत होता, की बदलापूरला फ्लॅट घेतलाय, पोरांच्या कॉलेजला बरं पडतं, वहिनी तुला सांगणारच होती. मी ऐकत होते. त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख कळली, की मी नाही म्हटलं तर घर राहील. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी होतं. आणि हेही कळलं, की मी नाही म्हटलं तर त्या घरात मला "ये" म्हणणारं कुणी राहणार नाही. मला दादाचा राग आला. त्याहून जास्त राग माझा आला, कारण "कवा येतेस गं" ऐकून मला जो आनंद झाला होता तो अजून पुरता गेला नव्हता.

"दादा, सही झाल्यावर घरी जाऊ या का? नुसतं बघायला."

"काय बगनार हायस तिथं? भिंती हायत. बरं, चल, जाऊ. पन ये तू."

"येते," मी म्हटलं.

मग तिथंच बसून मी आमच्या साहेबांना फोन लावला आणि आणखी एक दिवसाची रजा मागितली. ते म्हणाले, "चार दिवस झाले की बाई, आता कशाला?"

मी म्हटलं, माहेरी बोलावलंय.

साहेब स्वभावानं चांगले. ते हसले आणि म्हणाले, "मग दोन दिवस घ्या ना. एका दिवसात कसलं माहेरपण होतंय?"

"होतं साहेब," मी म्हटलं. "एका दिवसात होतं."