प्रल्हाद तांडेलाची गोळी

नरपडच्या प्रल्हाद तांडेलाबद्दल त्याच्या परवानगीने लिहितो. मला लिहायची सवय नाही. पण त्याच्या दुखण्यात माझाही वाटा आहे.

प्रल्हाद शाळेत माझ्याकडे विज्ञान शिकला आणि पुढे बापाच्या मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, झाला. चाळिशीत त्याला एचआयव्ही निघाला, रोजची गोळी सुरू झाली. दोन वर्षांनी तपासणीचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला. रक्तातल्या मदतनीस पेशी दोनशेवरून सहाशेवर गेल्या होत्या.

"ह्या करतात काय, सर?"

कितीतरी वर्षांनी कुणी मला शिकवायला सांगत होतं. मी खुलून सांगितलं. या पेशी हाडांतल्या मज्जेत जन्मतात, छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत शिकतात. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. पुढे जंतू समोर आला, की तो कसला आहे त्यावरून त्यांची कामं ठरतात. काही क्षयाचे जंतू गिळणाऱ्या पेशींना बळ देतात, काही प्रतिपिंडं बनवणाऱ्यांना मदत करतात. स्वतः फारसं मारत नाहीत, इतरांना कामाला लावतात.

"म्हणजे माझ्यासारख्या. जाळं खलाशी ओढणार, आपण ओरडायचं." तो हसला. मग हळूच म्हणाला, "एकदा शिकल्या, की गोळी मधेमधे राहिली तर? होडीवर सहा जणांत एक केबिन. डबी दिसली की विचारतात."

मला माहीत नव्हतं. पण तसं म्हणवेना. "थोडंफार चालत असेल," म्हणालो.

दर्यावर जाताना तो डबी घरी ठेवू लागला. गोळीने दबलेला विषाणू उठला आणि त्याच पेशी मारू लागला, शिकलेल्यासुद्धा. वर्षाच्या आत क्षय झाला. पेशींचा आकडा एकशे चाळीसवर आला.

दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या समुपदेशक ताईंनी विचारलं, "गोळ्या सोडायला कुणी सांगितलं?"

मी बाकावर शेजारीच होतो.

"विसरायचो," प्रल्हाद म्हणाला. मी गप्प बसलो.

होडी दुसऱ्याच्या हाती गेली. महिन्याभराने मी नरपडला जाऊन त्याची माफी मागितली.

"मला तेच ऐकायचं होतं, सर," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हटलं असतं, तर आणखी कुणाला विचारलं असतं."

त्याची बायको जयमाला सुके बोंबील टोपलीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "ते झालं ह्यांचं. तुम्ही दवाखान्यात का नाही बोललात?"



"नव्या पेशी शिकतील ना, सर? होडीवर जाईन ना?" प्रल्हादने विचारलं.

"मला माहीत नाही. सोमवारी तुझ्याबरोबर येतो, डॉक्टरांना विचारू. ताईंनाही सांगतो, चालेल असं मीच म्हणालो होतो."

"आधी ताईंना," जयमाला म्हणाली.