या पत्त्यावर अशी बाई राहत नाही

आयुष्यात मी कोणाची पेन्सिलसुद्धा उचललेली नाही. तरी मालदीवच्या एका बेटावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या मला कळलं की माझ्या देशाच्या पोलिसांचं माझ्याबद्दल मत बरं नाही.

मी तिथे फिजिक्स शिकवते. करार वाढवायची वेळ आली, तेव्हा ऑफिसने मायदेशाच्या पोलिसांचा दाखला मागितला. या बाईवर कुठलाही गुन्हा नाही, एवढंच त्यात लिहिलेलं हवं होतं. मी म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला! उच्चायुक्तालयात अर्ज दिला. पासपोर्टवर पत्ता झाशीचा, म्हणून चौकशी झाशीला गेली आणि काही आठवड्यांनी तिथून उत्तर आलं: प्रतिकूल. का, कशासाठी, ते फोनवरच्या माणसालाही माहीत नव्हतं. "मॅडम, तुमच्याच पोलिसांना विचारा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

प्रिन्सिपल फार गोड बोलले. सुट्टीत जाऊन निस्तरून या, शाळा उघडेल त्या दिवशी दाखला हातात असू दे, म्हणाले. नसला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण दुसऱ्याच दिवसापासून लॅबच्या किल्ल्या संध्याकाळी ऑफिसात जमा करायच्या असा नियम निघाला. सगळ्यांसाठी आहे म्हणे. सगळ्यांसाठी! मग बाकीच्यांच्या किल्ल्या पर्सला लटकलेल्या कशा दिसत होत्या?

नवरा गेल्यावर मी या नोकरीवर उभी राहिले होते. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर शिकत होती, तिचंही सगळं याच नोकरीवर. नोकरी गेली असती तर झाशीला जावेच्या दारात परत येऊन बसण्याशिवाय मला जागा नव्हती. म्हणूनच बहुधा, विमानात बसल्यापासून माझा संशय दुसऱ्या कोणावर गेलाच नाही. तो सरळ जावेवर गेला.

माझा स्वभाव संशयी आहे. स्वभावाला औषध नसतं. पण या वेळी कारणं होती. घर दोघा भावांचं. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आमची खोली. मी परदेशी गेल्यापासून ती कुलूपबंद. जाऊबाई दर फोनवर विचारायच्या, "वरची खोली कधी उघडणार आहेस गं? बंद घर खराब होतं." मी म्हणायचे, होऊ दे खराब. जवळच्या बबीना छावणीतल्या फौजी कुटुंबांना भाड्याने खोल्या हव्याच असतात, हे मला काय माहीत नव्हतं? शिवाय पोलीस चौकशीला येणार हे मी घरी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर नोकरी डळमळली आहे ही बातमी गल्लीभर झाली असती, आणि जाऊबाईंनी उदबत्ती लावून ती पसरवली असती, असं माझं ठाम मत होतं.

धुक्यामुळे गाडी रखडत रखडत पोचली. स्टेशनचं नाव बदललं आहे, पाटीवर नवं लांबलचक नाव आहे, पण बाहेर ऑटोवाले अजून झाँसी झाँसीच ओरडतात. घरी आले. जाऊबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर खाली. "ये. किती सुकलीस. चहा बनवते." तीन वाक्यं. एरवी ही बाई उंबऱ्यातच सगळ्या गल्लीचा हालहवाल सांगते.

मी सामान घेऊन वर गेले. माझं पितळी कुलूप गायब! त्या जागी नवंकोरं, मोठं, स्टीलचं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. खाली वाकून ओरडले, "जाऊबाई, हे कुलूप कोणाचं?"

"आपलंच आहे," खालून आवाज आला. "जुनं खिळखिळं झालं होतं. किल्ली देते."

खिळखिळं! त्या कुलपाने हातोडीला दाद दिली नसती. किल्ली द्यायला वर आल्या तेव्हाही माझ्याकडे बघेनात. मी कपाट उघडून एकेक वस्तू तपासली. सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे संशय आणखीच वाढला. काही घेतलं नाही, तर मग कुलूप बदललं कशाला?

दुपारी उन्हात केस वाळवायला गच्चीवर गेले तर समोरच्या काकींनी गाठलं. त्या अस्सल बुंदेली, बातमी पोटात ठेवणं त्यांना जमत नाही. "काए बिन्नू, आ गईं? पुलिस वारो आओ तो तुमाए इते. तुमाई जिठानी ने भीतर बिठा कें चाय पिबाई. खूब खुसुर-फुसुर भई."

चहा पाजला! आत बसवून कुजबुज! आणि मला त्यातलं अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटरवर शाल घेऊन मी चौकीत हजर.

हवालदाराला इथे दीवानजी म्हणतात. दीवानजी शेकोटीशी बसले होते. मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"तो आप हैं ये?"

"जी, मैं ही हूँ."

"पर आप तो हैं ही नहीं," ते शांतपणे म्हणाले. "हम खुद गए थे. आपके घर वालों ने ही कहा, इस नाम की कोई औरत यहाँ नहीं रहती. न कभी रही."

"घर वालों ने? किसने?"

"बड़ी बहू ने. बड़ी भली महिला हैं. चाय भी पिलाई."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. न कभी रही. म्हणजे नुसती खोली नव्हे, मीच नको आहे यांना! इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवलो, हिच्या बाळंतपणात मी हिचे पाय चेपले, आणि पोलिसांना सांगते अशी बाई नाही!

जाऊबाई ओट्याशी बसून मटार सोलत होत्या. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"मी तुमचं काय घोडं मारलं होतं? खोली हवी होती तर तोंडाने मागायची. पोलिसांना सांगायचं की मी इथे राहतच नाही? माझी नोकरी जाईल, कळतंय का? पोरीला काय खायला घालू?"

त्या उठून उभ्या राहिल्या. मटार घरभर झाले.

"तुझ्याबद्दल कोण काय बोललं? तो तुझ्यासाठी आलाच नव्हता!"

"मग कोणासाठी आला होता?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग पदराने तोंड पुसलं. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"भाऊजींच्या दुसरीसाठी."

मला काही कळेना. भाऊजी म्हणजे माझे यजमान. दुसरी कोण?

"मी तुला कधी सांगणार नव्हते," जाऊबाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "तो नुसतं एक नाव घेऊन आला, फोटोबिटो काही नव्हता. आपलं आडनाव लावलेलं, आणि नवऱ्याच्या जागी भाऊजींचं नाव. म्हणाला, हिने या पत्त्यावर पासपोर्ट बनवला आहे, ही इथे राहते का? म्हटलं, कोण ही सटवी? भाऊजी असे नव्हते गं. पण पुरुषाचं काय सांगावं, नोकरी फिरतीची होती. मी त्याला ठासून सांगितलं, आमच्या दिरांची बायको एकच, तिचं नाव हे, आणि या नावाची बाई इथे कधी राहिली नाही. चहा पाजला, हात जोडले, भैया ही गोष्ट गल्लीत नको. उद्या ती सटवी खोलीवर हक्क सांगत येईल म्हणून मोठं कुलूप आणलं. तुझ्याकडे बघायचीसुद्धा हिंमत होत नव्हती मला."

"नाव काय होतं तिचं?"

त्यांनी सांगितलं. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"अहो जाऊबाई," मी म्हटलं, "ती सटवी मीच."

आपल्या लोकांत ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझंही लिहिलं. त्या दिवसापासून सासरी, गल्लीत, हळदीकुंकवाला मी तांदळातल्या नावाची. नागपूरला माहेरी हाक मारायला तिसरंच लाडाचं नाव. आणि शाळेत घातलेलं नाव राहिलं मार्कलिस्टांवर, डिग्रीवर, म्हणून पासपोर्टवर. झाशीतल्या शाळेत शिकवलं तेव्हा मी नुसती मॅडम होते. घरात ते नाव उच्चारायची वेळ कोणावर आलीच नाही. जाऊबाईंनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

जाऊबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग हसायला लागल्या, रडणं न थांबवताच. "मेले मी! भाऊजींची माफी मागू दे आधी," म्हणत त्यांनी देवापाशी ठेवलेल्या यजमानांच्या फोटोला हात जोडले. मी खाली बसून मटार वेचायला लागले. मी या बाईला चोर ठरवून आले होते आणि ती माझ्या संसाराची अब्रू कुलपात ठेवून बसली होती. मला माझीच लाज वाटली, आणि रागही आला, की इतकं प्रेम आहे तर ते असं लपवून का ठेवायचं!

दीवानजींना मात्र हे पटवणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चौकीत. ते ऐकत होते आणि त्यांच्या भुवया वर वर जात होत्या.

"शादी में नाम बदल गया? पूरा नाम?"

"हमारे में बदलता है, भैया," जाऊबाई म्हणाल्या. "चावल में लिखते हैं."

"चावल में." त्यांनी शेकोटीत एक लाकूड सरकवलं. "और फिर वो चावल?"

"फिर खीर बना लेते हैं."

"यानी सबूत भी खा जाते हो," दीवानजी म्हणाले. हसले मात्र नाहीत. दो-दो नाम फरार लोगों के होते हैं, असं सांगून त्यांनी आम्हाला कचेरीत पाठवलं. दोन्ही नावांची बाई एकच असं शपथपत्र, आणि ओळखणारा साक्षीदार, दोन्ही आणा. वकिलाने माझ्या दोन नावांमध्ये 'उर्फ' टाइप केलं. उर्फ म्हटलं की मला चंबळचे डाकूच आठवतात. पण मी सही करून टाकली, शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते.

साक्षीदार जाऊबाई. वकिलाने त्यांचं आधार कार्ड मागितलं. त्यावर घरातलंच नाव होतं, आम्ही सगळे ज्याने ओळखतो ते. त्यांनी सावकाश सही केली, अक्षरं लावत.

परतताना ऑटोत मी विचारलं, "तुमचंही तांदळात बदललं असेल ना? मग माहेरचं नाव काय?"

"आता कशाला ते."

"सांगा ना."

"माहेरी, सागरच्या शाळेत लिहिलं होतं. ती शाळासुद्धा राहिली नाही. आई गेल्यापासून कोणी ते नाव घेतलंच नाही." मग म्हणाल्या, "तुझं नाव कुठे कुठे लिहिलेलं तरी आहे. पोलीस शोधत आले. माझ्यासाठी आले तर त्यांना काही मिळायचं नाही." आणि मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी ते नाव सांगितलं, जसं काही ऑटोवाला ते चोरून नेणार होता. मी ते इथे लिहीत नाही.

दीवानजी पुन्हा घरी आले, समोरच्या काकींना विचारलं, आणखी दोन दारं वाजवली. त्यानंतर अहवाल गेला, आणि दाखला माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी सामान बांधत होते. या नावाच्या महिलेविरुद्ध काही आढळलं नाही. मी तो जाऊबाईंना वाचून दाखवला. "बघ, मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, आणि वाटेसाठी पुऱ्या तळायला स्वयंपाकघरात गेल्या.

ऑटो दारात उभा राहिला. वरच्या खोलीची किल्ली मी त्यांना द्यायला निघाले. आत तेल चरचरत होतं, नुसतं जाऊबाई म्हटल्याने ऐकू जाईना. मग मी दारातून मोठ्याने त्यांना त्या नावाने हाक मारली.

आतून तत्काळ उत्तर आलं, धावत, लहान मुलीच्या आवाजात. "आले गं आई!"

मग नुसतं तेल चरचरत राहिलं. किल्ली हातात धरून मी दारातच उभी राहिले, आणि ऑटोवाला हॉर्न वाजवत होता तरी मला हलवेना.