बांगड्याचा डीएनए

"मॅडम, धागा कुठाय?" नंदाने विचारलं. बीकरमध्ये धाग्याऐवजी गढूळ चोथा तरंगत होता. आणि युनिव्हर्सिटीची कमिटी परवा येणार होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात झूऑलॉजीची लेक्चरर होते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मॉलिक्युलर बायॉलॉजीचा नवा पेपर सुरू करायची परवानगी आम्ही मागितली होती. हा विषय म्हणजे पेशीच्या आतल्या रेणूंचा अभ्यास. त्यातला मुख्य रेणू डीएनए. आई-बापाकडून पोरांत काय उतरणार, ते तो ठरवतो. परवानगी नाही मिळाली, तर हा विषय शिकायला मुंबई गाठावी लागणार. माझी विद्यार्थिनी नंदा मांडवी बंदरावरच्या मच्छीमाराची मुलगी. "मुंबईला मला कोण धाडतंय!" असं ती हसत म्हणायची, पण तेव्हा माझ्याकडे बघायची नाही.

कमिटीला एक प्रयोग करून दाखवायचा होता. मोठी यंत्रं आमच्याकडे नव्हती. म्हणून डीएनए नुसत्या डोळ्यांना दिसेल असा वेगळा काढायचं ठरलं. पुस्तकात सॅमन माशाचं वीर्य घ्या असं लिहिलेलं.

"सॅमन कुठला आणणार? बांगडा चालेल ना?" नंदाने विचारलं.

न चालायला काय झालं! नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. नर बांगड्याच्या पोटातली वीर्याची पांढरी पिशवी भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात वाटायची, थोडं डिटर्जंट घालायचं, फडक्यातून गाळायचं आणि वरून गार अल्कोहोल हलकेच सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरा धागा दिसतो. तोच डीएनए.

आम्हाला दिसला चोथा.

आमचे हेड सावंत सर डोकावले. "काय, ताक घुसळताय?"

"सर, अल्कोहोल खराब असेल."

"बघा काय ते. कमिटीचे चेअरमन कडक आहेत. त्यात शाकाहारी."

अल्कोहोल बदललं, मीठ बदललं. पुन्हा चोथाच. मग पहिल्यापासून काय काय केलं ते आम्ही दोघी बोलत बसलो. बांगडे भरदुपारी बाजारातून उन्हातून आणलेले. तिथे माझी ट्यूब पेटली. मासा मेला की त्याच्या पेशीतलीच एन्झाइम्स, म्हणजे एरवी पेशीची कामं उरकणारी प्रथिनं, डीएनएचे तुकडे करायला लागतात. उन्हात तर जास्तच. तुकड्यांचा धागा कसा होणार?

"मग होडीवरूनच घेऊ," नंदा म्हणाली. "बाबांना सांगते, बर्फात घालून आणा."

कमिटीच्या दिवशी सकाळी तिचे बाबा स्वतः डबा घेऊन आले. "पोट दाबून पांढरं येतंय का बघितलंय हो मॅडम, सगळे नर आहेत. पण खायचे नाहीत म्हणते पोरगी. मग करणार काय?"

"त्यातून धागा काढणार."

"बांगड्यातून धागा?" ते लॅबच्या दाराशी थांबूनच राहिले.

चेअरमन नाकाला रुमाल लावून आत आले. "ही लॅब आहे की मच्छी मार्केट?"

"सर, मच्छी मार्केटमध्ये डीएनए दाखवत नाहीत," नंदा बोलून गेली. सावंत सरांचा चेहरा पडला.

चेअरमन टेबलापाशी आले. "दाखव मग."

बीकरच्या कडेने नंदाने अल्कोहोल सोडलं. आणि मधोमध कापसासारखा पांढराशुभ्र धागा उठला. तिने तो काचेच्या कांडीवर गुंडाळायला घेतला.

"दे इकडे, मला बघू दे." चेअरमननी रुमाल खिशात टाकला आणि कांडी स्वतः फिरवायला लागले.

दारातून नंदाच्या बाबांनी विचारलं, "हे बांगड्यात असतं?"

"तुमच्यातही असतं," चेअरमन म्हणाले.

"असंच?"

"दिसायला अगदी असंच."

"आणि तुमच्यात, साहेब?"

"माझ्यातही."

"म्हणजे तुम्ही, मी नि बांगडा, सगळे एकाच घरातले की!"

सगळ्यात मोठ्याने चेअरमनच हसले.

परवानगी आली. नंदा पहिल्या बॅचला बसली आणि पुढे एमएस्सीला मुंबईला गेली. तिला धाडायला बाबाच एसटी स्टँडवर आले होते.

नंतर आमच्या लॅबमध्ये महागडी यंत्रं आली. प्रयोग फसला की मुलं आधी यंत्राला नावं ठेवायची. मी एवढंच विचारायचे, सॅम्पल कधी काढलंस आणि तोवर ठेवलं होतंस कुठे? बहुतेक वेळा यंत्र उघडायची गरज पडत नसे.